बेसमेंटमधले लेनभाऊ

बाबा नोकरीसाठी ओटावाला गेले आणि आमचं घर हसायला लागलं. एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली. बाबा वाईट नव्हते. ते कधी ओरडले नाहीत, हात उचलणं तर दूरच. पण ते घरात असले की आई भाजी चिरतानासुद्धा विळीचा आवाज होऊ द्यायची नाही आणि मी गणिताचं पुस्तक उघडून त्यात नुसती बघत बसायचे. नागपूरहून आम्ही कॅनडात किचनरला आलो तेव्हा मी सातवीतून उठून आले होते. पुढे बाबांची कंपनी गुंडाळली गेली आणि त्यांना नवी नोकरी मिळाली ती थेट कनाटाला, ओटावाच्या उपनगरात. सगळ्यांनी बिऱ्हाड हलवायचं की माझी शाळा संपेपर्यंत थांबायचं, यावर हलक्या आवाजात आठवडाभर चर्चा झाली. शेवटी ठरलं की बाबा तिकडे एक खोली घेऊन राहतील, एक वीकेंड सोडून दुसऱ्याला बसने घरी येतील, आणि आमचं बेसमेंट भाड्याने द्यायचं. पहिल्यांदा त्यांना बसवर सोडून आम्ही मायलेकी परतलो, तेव्हा आईने बूट काढले, सोफ्यावर पाय वर घेतले आणि म्हणाली, "मंजू, आज मी पोळ्या नाही करत. जे सापडेल ते खा." आम्ही ब्रेडला आंब्याचं लोणचं लावून खाल्लं आणि कशाचं काही नसताना हसत सुटलो. मग एकदम गप्प झालो. तिकडे बस अजून हायवेलाही लागली नसेल.

बेसमेंट बघायला पहिले आले ते लेन बार्टल. जिन्यात आधी त्यांचे गुडघे ऐकू आले, कडकड, आणि मग माणूस दिसला. साठीच्या अलीकडचे, बुटके, रुंद, नाक एका बाजूला झुकलेलं. हार्डवेअरच्या दुकानात ते रंग घोटून द्यायचे, त्यामुळे हातांच्या केसांवर कायम कुठला ना कुठला रंग असायचा. त्या दिवशी पिस्त्याचा होता. नवरा परगावी असताना घरात परका पुरुष ठेवायचा म्हणजे आईला मोठं संकटच. तिने अख्ख्या मुलाखतीत एकच प्रश्न विचारला, "यू कुक एग इन हाऊस?" त्यावर ते म्हणाले, "तुम्हाला नको असेल तर नाही, लव्ह." आई कानापर्यंत लाल झाली. मला मध्ये पडून सांगावं लागलं की आई, हे उत्तर इंग्लंडचे आहेत, यांच्याकडे बस कंडक्टरलासुद्धा लव्ह म्हणतात. आईने दोन मिनिटं विचार केला आणि तोडगा काढला. त्या क्षणापासून तिने त्यांना लेनभाऊ म्हणायला सुरुवात केली. भाऊ म्हटलं की विषय संपला. ते मात्र तिला शेवटपर्यंत मिसेस पी म्हणत राहिले, कारण पांढरीपांडे हे आडनाव त्यांना एका श्वासात कधीच म्हणता आलं नाही.

लेनभाऊ आयुष्यभर फुटबॉल खेळले होते आणि कॅनडातल्या कुणीही त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं. इंग्लंडमध्येही फारसं कुणी ऐकलं नव्हतं, हे ते स्वतःच मोठ्या खुशीत सांगायचे. उत्तरेकडच्या एका मासळीच्या गावातून सोळाव्या वर्षी ते क्लबात लागले ते सीनियर लोकांचे बूट पुसायला, आणि तिथून पुढे पस्तिशी उलटेपर्यंत तिसऱ्या नाहीतर चौथ्या विभागात मैदानाच्या मधोमध धावत राहिले. मिडफिल्डर. म्हणजे काय, हे आईला समजावण्यासाठी त्यांनी जेवणाच्या टेबलावर वाट्या मांडल्या. "हे गोल करणारे, यांचे फोटो येतात. हे गोल अडवणारे, यांना शिव्या मिळतात. आणि हा मी," म्हणून त्यांनी मिठाची डबी मधोमध ठेवली. "मी इथलं उचलून तिथे देतो." आई म्हणाली, "म्हणजे वाढपी!" मी भाषांतर केलं. लेनभाऊंनी टेबलावर थाप मारली. त्यांना स्वतःच्या कारकिर्दीचं इतकं अचूक वर्णन कुणी करून दिलं नव्हतं म्हणे. त्यांच्या एका क्लबचं मैदान इतकं उतरतं होतं की अर्धी मॅच डोंगर चढायचा आणि अर्धी उतरायचा. दुसऱ्या क्लबात गरम पाणी फक्त पाहुण्या संघाला मिळायचं. एकदा त्यांनी मैदानाच्या मध्यावरून थेट गोल मारला, आयुष्यातला सगळ्यात सुंदर, आणि नेमकं त्याच वेळी इतकं दाट धुकं होतं की रेफरीने त्यांना विचारलं, "गेला का रे?"

मग ते मॅनेजर झाले. तिकडे मॅनेजर म्हणजे ऑफिसातला नाही. संघ निवडणारा, शिकवणारा आणि हरल्यावर नोकरी गमावणारा. पहिल्या क्लबात त्यांना गवत कापणं आणि मोजे धुणंही करावं लागे, आणि तिथून काढलं गेलं ते त्यांना क्लबच्या अध्यक्षाच्या बायकोकडून कळलं, भाजीच्या दुकानात, बटाट्यांपाशी. दुसरा क्लब त्यांच्या हाताखाली एक पायरी वर चढला आणि दोन पायऱ्या खाली आला. तिसऱ्याने नाताळच्या आदल्या आठवड्यात नारळ दिला. तेव्हा किचनरला राहणाऱ्या त्यांच्या बहिणीने बोलावून घेतलं. ती बिचारी वर्षभरात गेली, आणि हे उरले, रंगाच्या दुकानात. संध्याकाळी ते इथल्या एका महिला संघाचे मॅनेजर होते. प्रादेशिक लीग, पालिकेचं मैदान, प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे बॉयफ्रेंड आणि दोन कुत्री. तरी प्रत्येक मॅचला लेनभाऊ टाय लावून जायचे.

घराचे आवाज बदलले. मागच्या पायरीवर बुटांचे खिळे आपटून चिखल झाडल्याचा खटखट आवाज आला की आई पोह्यांवर टाकायला तर्री गरम करायला ठेवायची. शनिवारी सकाळी ते शॉर्टवेव्ह रेडिओवर इंग्लंडच्या खालच्या विभागांचे निकाल ऐकायचे, एकेका गावाचं नाव येई तसा त्यांचा चेहरा फुले किंवा पडे, आणि आई कणीक मळता मळता विचारी, "हे जिंकले म्हणजे आपल्याला चांगलं का वाईट?" तिला एक नियम सापडला होता. लेनभाऊंना ज्याने नोकरीवरून काढलं तो क्लब हरला पाहिजे. पण ते स्वतः त्याच क्लबसाठी जीव टाकायचे. आईला हे अजिबात पटायचं नाही. "येडे आहात तुम्ही, लेनभाऊ," ती मराठीत म्हणायची, आणि ते मान हलवून म्हणायचे, "बरोबर आहे, मिसेस पी." गोळाभात, सांभारवडी, झुणका, सगळं त्यांना आवडायचं. तिखटाने डोक्यावर घाम आला की ते टक्कल पुसत म्हणायचे, "हाफ टाइम," पाणी प्यायचे आणि पुन्हा सुरू. बाबा यायचे त्या वीकेंडला मात्र ते खालीच राहायचे, आई साधं वरणभात-भाजी करायची, मी गणित काढून बसायचे. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. आपोआप व्हायचं.

मी त्यांच्या संघात गेले ती लाजेखातर. एक मुलगी कमी पडत होती आणि नाही म्हणायला मला जमायचं नाही. मी शाळेत उत्तर येत असताना हात वर न करणारी मुलगी. लेनभाऊंना ते दोन दिवसांत कळलं. मला बॉल मिळाला की मी तो लगेच शेजारणीला देऊन टाकायचे, जणू कुणाची वस्तू चुकून माझ्याकडे आली होती. ते ओरडायचे नाहीत. बेसमेंटच्या जिन्यावर बसून, मी कपडे मशीनमध्ये टाकत असताना, म्हणायचे, "मंज, तू देतेस ते उत्तम. पण कधीतरी स्वतःजवळ ठेवून बघ. कुणी पोलिसांना बोलावणार नाही." मी हसायचे आणि पुढच्या मॅचला तेच करायचे. माझी मुलगी आज नॉर्थ यॉर्कच्या आमच्या कॉन्डो-फ्लॅटमध्ये बसून मला म्हणते, "मॉम, यू नेव्हर से व्हॉट यू वॉन्ट." मी तिला काय सांगू, की फक्त एका दुपारी मी सांगितलं होतं, तेही पायांनी.

लेनभाऊ आमच्याकडे आले त्याच्या दुसऱ्या वर्षी संघाची वाट लागली. तीन मुली शिकायला बाहेरगावी गेल्या, गोलकीपरने लग्न केलं आणि आम्ही हरतच सुटलो. शेवटची मॅच उरली तेव्हा हिशेब सोपा होता. निदान बरोबरी झाली तर आम्ही लीगमध्ये राहणार, हरलो तर बाहेर. आणि क्लबच्या कमिटीने लेनभाऊंना बोलावून सांगितलं होतं की बाहेर पडलो तर महिला संघच बंद करू. ते घरी येऊन टेबलाशी बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि आईला म्हणाले, "तसं झालं तर मी परत जाईन, मिसेस पी. बहीण नाही, संघ नाही, तर नुसते रंग घोटायला मी इथे कशाला राहू?" आईने मला भाषांतर करायला लावलं नाही. तिला कळलं होतं. तिने पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि ती करपली. मला त्या क्षणी जे वाटलं ते स्पष्ट लिहिते: हा माणूस गेला तर घरात पुन्हा आवाज न होणाऱ्या विळीचे दिवस येतील. मी बाबांच्या घराला घाबरले होते, आणि ते घर आमचंच होतं.

आईने तिच्याजवळ होता तो एकमेव उपाय केला. "शनिवारी मॅचच्या आधी सगळ्या पोरींना जेवायला आणा," ती म्हणाली. "श्रीखंड-पुरी करते. शुभ कामाला गोड पाहिजे." लेनभाऊंचे डोळे भरून आले. त्यांच्या काळी मोठ्या मॅचच्या आधी अख्खा संघ एकत्र जेवायचा म्हणे, आणि इथे कॅनडात प्रत्येक जण आपापला केळ्याचा तुकडा आपापल्या गाडीत खातो. मॅच चार वाजता होती. त्यांनी जेवण साडेअकराचं ठरवलं. शुक्रवारी आईने ग्रोसरीतून दह्याचे मोठे डबे आणले, बाबांच्या जुन्या धोतरात बांधले आणि ते गाठोडं बेसमेंटमधल्या लॉन्ड्रीच्या सिंकवर नळाला टांगलं. सकाळी लेनभाऊ वर येऊन म्हणाले, रात्रभर खाली थेंब थेंब चालू होतं, मला वाटलं घर गळतंय. आईने चक्का फेटला, साखर, वेलची, केशर घातलं आणि लेनभाऊंना वास आवडतो म्हणून जायफळ जरा सढळ हाताने किसलं. जायफळाने झोप येते हे नागपुरात लहान पोरालाही माहीत असतं. आईला त्या दिवशी आठवलं नाही, आणि मी पुऱ्या लाटत होते.

साडेअकराचं जेवण मराठी घरात होतं तेव्हा झालं, म्हणजे दीड वाजता. चौदा जणी जमिनीवर चादरी अंथरून पंगतीत बसल्या: नर्स, बँकेतली, दोन कॉलेजच्या आणि आमची बचावपटू ब्रिजेट, जी बेकरीत पहाटे पाव भाजायची आणि दोन माणसांएवढी होती. लेनभाऊंनी उभं राहून सूचना दिली. "लेडीज, या घराचा एक नियम आहे. ताटात काही टाकायचं नाही. मिसेस पींनी वाढलेलं सगळं संपवायचं, नाहीतर त्यांना वाईट वाटतं. मी इथे दोन वर्षं जेवतोय, मला माहीत आहे." सांगितलं ते खरं होतं. फक्त अर्धंच होतं. लेनभाऊ स्वतः पोट भरलं की ताटावर हात आडवा धरायचे. ते त्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की तो दुसरा नियम आहे हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरातून कढईशी उभी राहून फक्त आवाज ऐकत होते. मुली सभ्य होत्या, त्यांनी वाट्या चाटूनपुसून रिकाम्या केल्या. आई सभ्य होती, तिने रिकामी वाटी पाहिली की भरली. "घ्या नं. एवढंसंच तर आहे." "ओह, थँक यू सो मच, मिसेस पी." पुन्हा रिकामी. पुन्हा भरली. "लाजू नका, पोट्ट्यांनो, आपलंच घर आहे." ब्रिजेटने चौथी वाटी संपवली तेव्हा आईला तिच्याविषयी माया दाटून आली. "किती गुणी पोरगी आहे, बघ, नाही म्हणून म्हणत नाही!" ती मला ओरडून म्हणाली. "मंजू, पुऱ्या आण, पुऱ्या!" मी पुऱ्या नेल्या तेव्हा बँकेतली मुलगी माझ्या पायाला हात लावून कुजबुजली, "मंज, हाऊ डू वी मेक हर स्टॉप?" आणि मला हसू फुटलं. मी भिंतीला टेकले, परात हातात, आणि हसतच राहिले. हात आडवा धरून दाखवायला हवा होता, पण माझ्या दोन्ही हातांत पुऱ्या होत्या. शेवटी श्रीखंडच संपलं, म्हणून पंगत उठली. उठली म्हणजे काय, आहे तिथे मागे कलंडली.

आणि तेव्हा दार उघडलं आणि बाबा आत आले. त्यांचा वीकेंड नव्हता. फोन केला नव्हता. ऑफिसची बॅग खांद्याला, इस्त्रीचा शर्ट, आणि समोर त्यांच्या दिवाणखान्यात चौदा गोऱ्या-सावळ्या बायका शॉर्ट्स घालून गालिच्यावर झोपलेल्या. ब्रिजेट घोरत होती. लेनभाऊ टाय लावलेल्या अवस्थेत सोफ्यात बसल्या बसल्या मान टाकून झोपले होते.

बाबांनी बॅग खाली ठेवली नाही. "शैला," ते म्हणाले, "यांना काय झालं?"

"जेवल्या," आई म्हणाली.

बाबांनी घड्याळ पाहिलं. मॅचबद्दल मी त्यांना धापा टाकत सांगितलं: चार वाजता आहे, हरलो तर लेनभाऊ परत जाणार. मला वाटलं आता तो हलका आवाज येईल. पण बाबांनी असं काही केलं जे मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या आणि नागपुरी शाळेच्या पी.टी. मास्तरासारखे ओरडले, "उठा! ए, उठा! चला, अप, अप!" लेनभाऊ झोपेतून थेट उभे राहिले आणि सॅल्यूट ठोकता ठोकता थांबले. बाबांनी त्यांच्या हातून संघाच्या व्हॅनची किल्ली काढून घेतली. "तुम्ही नाही चालवायची. तुमचे डोळे बघा." मग ते आईकडे वळले, "पण आपल्या गाडीने कोण...?" आई पदर खोचून दारात उभी होती, बोटात गाडीची किल्ली. तिने वसंतात लायसन्स काढलं होतं. लेनभाऊंनी चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये शिकवलं होतं, आणि बाबांना सांगायचं राहून गेलं होतं. बाबांनी किल्लीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "सांभाळून उजवीकडे घे," एवढंच म्हणाले. ज्या दोघी जरा बेतात जेवल्या होत्या त्यांनी आपापल्या गाड्या काढल्या, आणि आमची वरात निघाली.

पहिला अर्धा खेळ मी वर्णन करणार नाही, कारण त्यात आमच्या बाजूने वर्णन करण्यासारखं काही घडलं नाही. समोरच्या मुलींना वाटलं आम्ही काहीतरी डाव खेळतोय. त्या सावधपणे पुढे यायच्या, आम्ही हलायचो नाही, त्या आणखी सावध व्हायच्या. आमची नवी गोलकीपर खांबाला टेकून उभी होती. दोन गोल खाल्ले. दुसऱ्या गोलाच्या वेळी ब्रिजेट बॉलकडे निघाली होती, पण पोहोचायच्या आत गोल होऊन, त्यांचा जल्लोष होऊन, खेळ पुन्हा सुरूही झाला होता.

मध्यंतरात आम्ही गवतावर गोल करून पडलो. लेनभाऊ काय बोलतील याची मला धास्ती होती. ते आमच्याकडे बघत राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "मला आयुष्यात सगळ्या प्रकारच्या संघांनी हरवलंय," ते म्हणाले. "चिखलाने हरवलंय, धुक्याने हरवलंय. दह्याने पहिल्यांदाच." मग डोळे पुसून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मंज. तू काय खाल्लंस?"

"काही नाही," मी म्हटलं. आमच्याकडे पाहुणे उठल्याशिवाय घरची माणसं बसत नाहीत. मी आणि आई दोघी सकाळच्या चहावर होतो.

"काहीच नाही?" त्यांचा चेहरा उजळला. "लेडीज, ऐका. कुणी धावायचं नाही. धावलात तर उलटी होईल. आपापल्या जागी फक्त उभं राहायचं, खांबासारखं. बॉल पायाशी आला की मंजला द्यायचा. मंज धावेल. तिच्या पोटात काही नाही."

आणि मी धावले. देवा, काय धावले! भुकेने डोकं इतकं हलकं झालं होतं की गवत पायाला लागत नव्हतं. डावीकडून बॉल घ्यायचा, उजवीकडच्या खांबाला द्यायचा, तो परत घ्यायचा. समोरच्या मुली पहिल्या अर्ध्यात आमच्या भोवती सावधपणे फिरून फिरून दमल्या होत्या. बाजूच्या रेषेवर आई ओरडत होती, "पळ मंजू!" आणि तिच्या शेजारी ऑफिसच्या बुटांनी चिखलात उभे राहून बाबा ओरडत होते, नियम एकही माहीत नसताना, "तिकडे! अगं तिकडे मोकळं आहे!" त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. मी एकदा थांबून बघितलं की कोण आहे. मग बॉल माझ्याकडे आला आणि मी सवयीने शेजारी द्यायला बघितलं, तर देण्यासारखं कुणीच नव्हतं. नर्स कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत होती. दुसरी बसली होती. म्हणून मी तो स्वतःजवळ ठेवला. ठेवला आणि पुढे गेले, आणखी पुढे गेले, आणि कुणी पोलिसांना बोलावलं नाही, आणि गोलसमोर पोहोचल्यावर आता याचं काय करायचं हे न कळून मी तो जोरात लाथाडला. जाळी हलली. मला इतकी लाज वाटली की मी समोरच्या गोलकीपरला "सॉरी" म्हटलं.

दुसरा गोल ब्रिजेटचा. कॉर्नर मिळाला तेव्हा ती कशीबशी चालत पुढे त्यांच्या गोलपर्यंत आली. तो कॉर्नर वाया गेला, सगळ्या मुली मागे परतल्या, पण ब्रिजेटने रेफरीला सांगितलं की ती आता परत जाणार नाही, तिला शक्य नाही. ती तिथेच उभी राहिली. खेळ संपायला आला होता. त्यांच्या एका मुलीने घाईने बॉल मागे आपल्या गोलकीपरकडे मारला. वाटेत ब्रिजेट होती. बॉल तिच्या पोटावर आदळला, धप्प असा आवाज झाला जो रेषेवर ऐकू आला, आणि तिथून उडून तो संथपणे, अगदी निवांत, आत गेला. ब्रिजेट म्हणाली, "ऊफ." तिचा तो एकमेव गोल. शिट्टी झाली तेव्हा आम्ही लीगमध्ये होतो.

लेनभाऊ गवतावर गुडघे टेकून बसले आणि मग त्यांना उठता येईना. आम्ही सगळ्या त्यांच्या अंगावर पडलो होतो. बाबांनी गर्दीत हात घालून त्यांना ओढून उभं केलं, आणि हात सोडलाच नाही, दोघं तसेच हात हलवत उभे राहिले. "वेल्, मिस्टर बार्टल," बाबा म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले, "तुमचा टाय सरळ करा." गाडीत परत येताना पुढच्या सीटवर बाबा बसले होते, आई चालवत होती, आणि मध्येच चष्मा काढून बाबा हसायला लागले. "दहीसुद्धा माझ्याच धोतरात बांधलं होतंस, नाही?" ते म्हणाले. आईला इंडिकेटर लावायचा राहिला.

लेनभाऊ त्यानंतर बरीच वर्षं आमच्याकडे राहिले, आणि बेसमेंट सोडून गेले ते गुडघ्यांमुळे जिना जमेना म्हणून. पण मला लिहायचं आहे ते दुसऱ्या दिवसाचं. रविवारी दुपारी बाबांना बसवर सोडायला मीच गेले; आई लेनभाऊंबरोबर ताटं मोजत होती, काही शेजाऱ्यांची होती. स्टँडवर आम्ही दोघंच बाकावर बसलो. आमच्यात बोलायचे विषय नेहमी दोन असायचे, मार्क आणि हवा. मी हिंमत करून विचारलं, "बाबा, काल न कळवता कसे आलात?"

त्यांनी बुटावरचा वाळलेला चिखल नखाने काढला. "मी फोन करतो ना," ते म्हणाले, "तेव्हा उचलता उचलता तुम्ही दोघी हसत असता. मग मी हॅलो म्हणतो आणि बंद होतं. प्रत्येक वेळी. मला वाटलं, एकदा न सांगता जावं. म्हणजे सुरू असतानाच पोहोचेन."

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी सांगायला सुरुवात केली. लेनभाऊंनी आईला पार्किंगमध्ये गाडी शिकवली तिथपासून. आईने पहिल्याच दिवशी ब्रेकऐवजी वायपर लावला, आणि पाद्री बाहेर येऊन आशीर्वाद देऊन गेला. बाबा पुढे झुकून ऐकत होते. ओटावाची बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. बाबांनी हाताने त्याला खूण केली, जा तू. पुढची बस पाच तासांनी होती. "मग?" ते म्हणाले. "पाद्री काय म्हणाला?"